पंपावरच्या ताईंचं माफीपत्र

एका शेगडीवर दूध, दुसरीवर पोळी, ह्यांचा मोजा सापडत नव्हता, आणि तेवढ्यात दार वाजलं. दारात वरच्या मजल्यावरच्या ताई. हातात कोरा कागद.

"वहिनी, माफीपत्र लिहून द्या. दुपारी पाळीवर जाताना नेलं नाही, तर कामावरून काढणार आहेत."

ताई अकरा वर्षं पेट्रोलपंपावर नळी धरून उभ्या आहेत. सकाळी सहाला मशीनवर नवा दर येतो आणि सहा वाजून पाच मिनिटांनी पहिली शिवी. दर वाढवणार कुठल्यातरी खुर्चीतले, ऐकून घेणार ह्या. मोठमोठ्या गाड्यांतली माणसं काचसुद्धा पुरती उतरवत नाहीत. शिवी बाहेर पडेल एवढीच फट ठेवतात.

काल एक साहेब आले. करखात्यातले, गाडीवर तशी पाटीच मिरवतात. दर बघून कडाडले, "लुटारू आहात तुम्ही पंपवाले!"

टाकी भरता भरता ताई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, शंभरातले चाळीस कच्च्या तेलाचे आणि ते शुद्ध करण्याचे. पाच वाहतुकीचे. तीन पंपाचे, त्यातच माझा पगार आला. राहिलेले बावन्न कराचे. ते तुमच्याच खात्यात जातात. आता लुटारू कोण, ते तुम्हीच बघा."

रांगेतले हसले. साहेबांना झोंबलं. ज्या खात्याचा पगार खातात, त्याचा हिशेब नळी धरणाऱ्या बाईला तोंडपाठ असावा, म्हणजे काय! तक्रारवहीचं अख्खं पान भरलं.

आणि पंपाचे मालक? तो हिशेब त्यांनीच ताईंना शिकवलेला, गिऱ्हाईक अंगावर आलं की ऐकवत जा म्हणून. साहेबांचा फोन आला आणि मालकांना काही आठवेना. वर मजकूरही त्यांनीच सांगितला: 'मी ग्राहकास खोटी माहिती दिली.'

"लिहून टाक ना," हे चहा फुंकत म्हणाले. "एका ओळीने काय बिघडतंय?"

दर वाढला की हेही ताईंनाच टोमणे मारून येतात.

"नोकरी तुमची असती, तर कळलं असतं," मी म्हटलं. हे कप घेऊन आत गेले.

ताई खुर्चीच्या कडेवर टेकल्या.

"आवाज चढवला म्हणून लिहा. चढवला नव्हता, तरी लिहा. उद्धटपणे बोलले, तेही लिहा. मला नोकरी हवीय. फक्त हिशेब खोटा होता, असं लिहू नका."