कोपराच्या चुण्या

आमच्या नाटक कंपनीचा कपडेपट सांभाळणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणायचे. सख्खं भाचरू एकही नाही, हाका मारायला मात्र अख्खी कंपनी. मावशी, बटण. मावशी, माझा डावा मोजा कुठाय. त्या मान वर न करता द्यायच्या. पडद्याआड बसून नटांना विसरलेली वाक्यं पुरवणं हे माझं काम, त्यामुळे त्यांचं टेबल माझ्या शेजारीच. वर्षभरात त्या माझ्याशी जेमतेम चार वाक्यं बोलल्या असतील, त्यातलं एक 'सरका जरा' होतं.

त्या साली आम्ही एक जुनं गाजलेलं इंग्रजी नाटक मराठीत करत होतो. कारखानदाराचं सुखवस्तू घर, आणि त्या घरातल्या एकेकाने हातभार लावून देशोधडीला लावलेली एक कामगार मुलगी. ती रंगमंचावर येतच नाही. दिग्दर्शकांना वाटलं, तिचा कोट तरी खुर्चीवर दिसत राहावा. मावशींनी दुसऱ्या दिवशी घरून निळा कोट आणला. कारखान्यात घालतात तसला, कोपरांवर घट्ट चुण्या पडलेला. "वा, अगदी खरा वाटतो," दिग्दर्शक म्हणाले. कुणाचा, ते विचारलं नाही.

बाकी सगळ्या कपड्यांना कडक इस्त्री, या कोटाला मात्र इस्त्री नाही की पाणी नाही. मला राहवेना, मी विचारलं.

"लेकीचा," मावशी म्हणाल्या. हातातली सुई चालूच. "शर्टांच्या घड्या घालायची, दिवसभर उभ्याने. बसायला स्टूल मागितलं म्हणून काढलं. मालकाने सगळीकडे सांगून ठेवलं, मग कुणी कामावर घेईना. तापाचं निमित्त झालं आणि गेली. कोट तिने काढून ठेवला तसाच आहे. हात अजून वाकलेले आहेत बघा."

मी बघितलं. खरंच वाकलेले होते.

नाटक चाललं. कारखानदाराच्या बायकोचं काम करणाऱ्या बाई शेवटच्या प्रवेशात खरंच रडायच्या, आणि मुलाखतींत समाजाच्या जबाबदारीवर भरभरून बोलायच्या. एकदा दुपारच्या प्रयोगानंतर मावशी दोरा आणायला बाजारात गेल्या होत्या. बाईंना भरून आलं. आपण एवढं बोलतो आणि मावशी एकट्या राबतात, आज धुणं आपण करू. कारखानदार, त्याचा मुलगा, होणारा जावई, सगळ्यांनी बाह्या सरसावल्या. मी तेव्हा खाली चहा पीत होतो. वर आलो तर मागच्या दोरीवर सगळे कपडे ठिबकत होते आणि त्यांच्यापुढे उभं राहून मंडळी फोटो काढत होती.

मावशी आल्या.

"आज तुम्ही नुसतं बसायचं," बाई म्हणाल्या. "आणि तो कोट किती मळला होता हो. गरम पाण्यात भिजवून ठेवला होता मी."

मावशींनी दोरीवरची बाही हातात घेतली. सरळ झाली होती. "चांगला निघालाय," त्या म्हणाल्या.

मला असा राग आला की कोट कुणाचा ते मी सगळ्यांदेखत सांगून टाकलं. बाई रडायला लागल्या. मावशींनी त्यांना पेटीतला धुतलेला रुमाल दिला. "डोळे पुसा बाई. सुजले तर रंग नीट बसणार नाही."

रात्रीचा प्रयोग होताच. मावशींनी इस्त्री फिरवून फिरवून कोट वाळवला. दिग्दर्शक घाईघाईने आले. मघाचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"हा काय नव्यासारखा दिसतोय? मावशी, कोपराला पूर्वीसारख्या चुण्या पाडा ना थोड्या."

मावशींनी कोट टेबलावर पसरला. एक बाही कोपरात दुमडली, दाबून धरली, सोडली. बाही पुन्हा सरळ झाली.

"मला नाही जमणार, साहेब," त्या म्हणाल्या. "त्या तिने पाडल्या होत्या."

तिसरी घंटा झाली. त्यांनी कोट नेऊन खुर्चीवर ठेवला आणि परत येऊन कारखानदाराच्या जाकिटाचं बटण लावायला घेतलं.