शिलाईत गेलेला हाशिया

विरूपाक्ष स्वामी मूळचा उदगीरचा. सतरा वर्षांच्या नोकरीत त्याच्या हातून एकही कागद गहाळ झाला नव्हता, आणि याचा त्याला थोडा तोराही होता. लातूर जिल्हा नवा झाला आणि वाटणीला आलेलं जुनं दफ्तर उस्मानाबादेहून ट्रकांत भरून आलं. लाल कापडात बांधलेले बस्ते, आत सुटे कागद. कुणाचं शेत, कुणाचं पीक, कुणाची विहीर, सगळं त्यात. ज्या कचेरीत हे दफ्तर उतरलं, तिथल्या रेकॉर्ड रूमच्या किल्ल्या विरूपाक्षकडे आल्या.

"स्वामी, दीड महिन्यानं तपासणी आहे," साहेब म्हणाले. "एक कागद सुटा दिसता कामा नये. कसं बांधायचं ते तुम्हीच ठरवा आणि तुमच्या सहीनं लिहून द्या."

विरूपाक्षनं तीन नमुने मागवले. पहिला साधा, भोकं पाडून नाडीनं बांधायचा. पण नाडी सोडून कुणीही कागद काढून न्यावा, अशी ती सोय. तो त्यानं लगेच बाजूला सारला. दुसरा नांदेडच्या एका छापखान्याचा. त्यांचा माणूस रामकिशन मोटारसायकलवर नमुना घेऊन आला. कडेपासून दोन बोटं आत जाड तार ठोकलेली, वर पुठ्ठा, पाठीला काळं कापड. "तीन आठवड्यांत तीसच्या तीस खंड हातात देतो," तो म्हणाला.

तिसरा गफूरचाचांचा. गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत चाचांचं जिल्दसाजीचं, म्हणजे पुस्तकबांधणीचं, दुकान होतं. वय साठीच्या पुढं, नजर कमी झालेली. त्यांनी प्रत्येक कागदाच्या आतल्या कडेला पातळ कागदाची पट्टी खळीनं चिकटवली होती आणि शिलाई त्या पट्टीवर घेतली होती. खंड उघडला की पान ताटासारखं सपाट पडायचं.

"किती दिवस लागतील चाचा?"

"आठ महिने. त्याहून कमी सांगितलं तर खोटं होईल." मग नांदेडचा नमुना हातात घेऊन चाचांनी तो डोळ्यांजवळ नेला. "स्वामीसाब, ही तार हाशिया, कडेची सगळी जागा, खाऊन टाकील. जुने लोक हाशियात लई काही लिहून ठेवत."

विरूपाक्षला ते ठाऊक होतं. बस्ते उतरवताना त्यानं स्वतः पाहिलं होतं: दोन-तीन कागदांच्या डाव्या कडेला बारीक अक्षरांत काहीतरी उभं लिहिलेलं. दोन-तीनच असतील, असं त्यानं स्वतःला सांगितलं आणि नांदेडच्या नमुन्यावर सही केली.

तपासणी झकास झाली. साहेबांनी चारचौघांत त्याची पाठ थोपटली.

पुढच्या पावसाळ्यात पाऊस आलाच नाही. पौषातच विहिरींनी तळ दाखवला आणि माणसं जुन्या नोंदींच्या नकला मागायला कचेरीत येऊ लागली. चाकूरकडच्या एका खेड्यातून जगदेवी आली. चाळिशीची विधवा, पायांवर धुळीचा थर.

"अप्पा, आमची विहीर सामाईक हाय," ती म्हणाली. "दीर आता दोर लावू देईना. म्हनतो, तुजा हिस्साच न्हाई. सासरे सांगायचे, कागदावर हाय म्हणून."

"सासऱ्यांचं नाव?"

"मलप्पा."

विरूपाक्षनं खंड काढला, पान सापडलं. शेताचा आकार होता, पीक होतं. विहिरीच्या रकान्यात फक्त 'हाशिया पाहा' असं लिहिलेलं. त्यानं पान दाबलं, खंड उलटा धरला, फूटपट्टी आत घालून पाहिली. तारेच्या अलीकडे दोन अक्षरांच्या शेपट्या तेवढ्या दिसत होत्या. शेवटी जे दिसत होतं त्याचीच नक्कल त्यानं करून दिली. तिनं ती पदराच्या टोकाला बांधली.

"ह्यात हाय न्हवं हिस्सा?"

"शिलाईत गेलंय, बाई," तो म्हणाला. तिला काही कळलं नाही. ती उठून गेली.

त्या दिवशी त्याला डबा उघडवला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं शिलाई उसवायची परवानगी मागितली. साहेब भडकले. "तपासणी झालेलं रेकॉर्ड उसवायचं? कुणाच्या चुकीनं?"

"माझ्या," विरूपाक्ष म्हणाला, आणि तसं लिहूनही दिलं: हाशियात मजकूर असल्याचं बांधणीपूर्वी पाहिलं होतं, तरी ही पद्धत निवडली. त्याला मेमो मिळाला. कचेरीतले लोक त्याच्याशी बेतानं बोलू लागले. परवानगी मात्र आली, आणि तीही फक्त अर्ज येतील तेवढ्याच खंडांपुरती.

गफूरचाचा कापडी पिशवीत चिमटा आणि सुरी घेऊन आले. खळीसाठी पाणीही घरून किटलीत आणलं, कारण कचेरीचा नळ आठवड्यातून एकदाच यायचा. 'मी सांगितलं होतं' असं एकदाही म्हणाले नाहीत. तारा गंजल्या होत्या. एकेक उपसताना कागदाचा टवका निघत होता. जगदेवीचं पान सुटलं तेव्हा विरूपाक्षनं ते खिडकीशी नेलं. 'मलप्पा वल्द शिवलिंगप्पा, विहिरीत' एवढं स्वच्छ वाचता येत होतं. पुढच्या शब्दाच्या मधोमध तारेचं भोक होतं.

"चाचा, हे निम्मा हिस्सा आहे की तिजा हिस्सा?"

चाचांनी बराच वेळ कागद उजेडात धरला. "हिस्सा हाय, येवढं खरं. किती, ते मी कसं सांगू?"

विरूपाक्षनं तसंच लिहिलं: हिस्सा आहे, प्रमाण वाचता येत नाही. नक्कल पोस्टानं पाठवायची सोडून तो एसटीनं स्वतः गेला. जगदेवी विहिरीच्या काठावर रिकामी घागर घेऊन बसली होती. त्यानं वाचून दाखवलं तसा दीर हसला.

"हिस्सा हाय ना? मग रोज एक घागर घे म्हनावं."

जगदेवीनं कागद घेतला. "एक तर एक," ती म्हणाली. विरूपाक्षकडे तिनं पाहिलं नाही.

पुढच्या दोन वर्षांत सात खंड उसवून पट्टीवर शिवले गेले. नंतर चाचांची नजर पार गेली आणि ते काम घेणारा दुसरा कुणी मिळाला नाही. तेवीस खंड तारेतच राहिले. विरूपाक्षची निलंग्याला बदली झाली, तेव्हा चार्ज देताना त्यानं त्या तेवीस खंडांतल्या गावांची यादी करून नव्या माणसाला दिली. नव्या माणसानं ती दोनदा वाचली आणि विचारलं, "ह्याचं मी काय करू?"

विरूपाक्ष खुर्ची ओढून पुन्हा बसला आणि त्याला पहिल्या गावापासून सांगू लागला.