अर्ध्या सिगरेटचा जोडीदार

मंडळी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी सिगरेट सोडली, त्याला आज तीन महिने झाले. चहाच्या सुट्टीत आता मी चिकलठाण्यातल्या आमच्या कंपनीभोवती चालतो. आज चार फेऱ्या मारल्या, दम नाय लागला.

खुशीत टपरीवर गेलो. तिथं सलीमभाई खोकत बसला होता. माझ्याच खात्यातला, जुना दोस्त. वीस वर्षं आम्ही रोज एक सुट्टी सिगरेट घेऊन अर्धी-अर्धी ओढायचो.

म्हटलं, "भाई, खोकला लई वाढला रे."

तो हसला. "तू सोडली ना, तेव्हापासून तुझी अर्धी पण मीच ओढतो. पेटवलेली फेकवत नाय यार."

मी पेढे वाटणार होतो. आता तुम्हीच सांगा, मी सिगरेट सोडली की सलीमभाईच्या गळ्यात मारली?