हट्टी माल

आमच्या अक्काला प्लास्टिक वासावरून कळायचं. जळगावच्या एमआयडीसीत, भंगाराच्या गोदामात, ती तुकड्याला लायटर लावायची, फुंकर मारून विझवायची आणि धूर सरळ नाकात ओढायची. मग तुकडा बरोबर त्याच्या पोत्यात. मी शेजारी बसून जुने टीव्ही फोडायचे. एकदा म्हटलं, मलाही शिकव की. तिने लायटर पदराखाली घेतला. मोठी आली शहाणी, मी मनात म्हटलं, जशी काही मी तिची गादीच पळवणार होते.

टीव्ही-कॉम्प्युटरची काळी कव्हरं मात्र धड पेटायची नाहीत. ज्योत काढली की विझायची आणि डोळ्यांत पाणी आणणारा धूर सोडायची. "हाई हट्टी शे," अक्का म्हणायची. सोनगीरकडची बाई, जळगावात जन्म गेला, पण अहिराणी सुटली नाही. हट्टी माल चुकून दुसऱ्या पोत्यात गेला तर मालक अंगावर धावून यायचा, म्हणून त्याचा वास ती दोनदोनदा घ्यायची. त्याच हातांनी भाकरी खायची. हात धू म्हटलं तर विचारायची, पाणी कुठे आहे? खरंच नसायचं.

गळ्याला गाठ आली तेव्हा अख्ख्या गल्लीने एकच निदान केलं, मीठ. ज्याला त्याला अक्कल शिकवायची हौस! तिच्या मुलीने, मनीषाने, घरात आयोडीनचं मीठ आणलं. वर्ष गेलं, गाठ वाढतच राहिली. "बठ्ठा दोष मिठनाच शे का वं?" अक्काने मला विचारलं. हो, सगळा मिठाचाच, मी म्हटलं. मला तरी काय ठाऊक, कपाळ!

धुळ्याच्या डॉक्टरांनी थायरॉईडचा कॅन्सर सांगितला. काय काम करता, हे त्यांनीच पहिल्यांदा विचारलं. म्हणाले, आग लागू नये म्हणून त्या कव्हरांत रसायनं घालतात; ती धुरातून, धुळीतून अंगात जातात आणि या ग्रंथीला बाधतात असा संशय आहे. यांना त्यानेच झालं, असं मात्र छातीठोकपणे सांगता येणार नाही.

ऑपरेशननंतर तिचा आवाज गेला, नुसती कुजबुज उरली. घर चालवायला मनीषा तिच्याच जागेवर येऊन बसली. हे कळलं तशी अक्का ओल्या टाक्यांनिशी गोदामात आली. ग्राइंडरच्या खडखडाटात तिचं बोलणं कुणाला ऐकू जाणार? तिने मनीषाचा हात ओढून आपल्या गळ्यावरच्या टाक्यांवर ठेवला आणि घट्ट धरून ठेवला. मनीषा उठली. आता ती कापडाच्या दुकानात कामाला जाते.

दुखणं पुढे फुप्फुसात उतरलं. शेवटी शेवटी मी उशाशी बसले असताना अक्काने विचारलं, "तठे आते कोन बठस?"

तुझ्या जागेवर जामनेरकडची एक बाई बसते, मी म्हटलं.

"तिले सांग."

दहावा झाला आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या गेल्या मी त्या बाईला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तिने हातातलं काम थांबवून ऐकून घेतलं. मग विचारलं, अक्का इथे किती वर्षं बसल्या? पंधरा-सोळा असतील, मी म्हटलं. ती बोटांवर काहीतरी मोजत राहिली. मला तिचा भयंकर राग आला, आणि रडूही आलं.

"तोवर माझी पोरगी शिकून होईल," ती म्हणाली आणि तिने पुढचा तुकडा उचलला.