साडूभाऊंचा प्रोटोकॉल

माणसाला कुठं बसवावं याची माझ्या साडूंइतकी काळजी आमच्या सबंध मुलुखात कुणी वाहिली नसेल. मूळचे आसेगावचे, नोकरी लष्करात, कारकुनाची. बांगलादेशची लढाई संपल्यावर सुट्टीवर आले ते डोक्यात एक नवाच शब्द घेऊन: प्रोटोकॉल. छावणीत मोठे पाहुणे आले की सामोरं कुणी जायचं, हार आधी कुणाला, कुणाशेजारी कोण, हे ठरवणारा एक अधिकारी असतो म्हणे. साडूभाऊंना तेच व्हायचं होतं. "बंदूक कोनीबी चालवते, भाऊ," ते मला म्हणाले. "पन दोन जनरल अन् एक खुर्ची असली, तं तिथी मानूस लागते!" त्यासाठी दिल्लीत रीतसर प्रशिक्षण असे. त्याची निवड त्यांची सुट्टी संपता संपता होती, आणि ती हुकली की पुढे वयाची अट आडवी येणार होती.

तोवर सराव कुठं करायचा? आमच्या वऱ्हाडात मानपानाची शाळा म्हणजे लग्नाचा मांडव. त्या उन्हाळ्यात साडूभाऊंनी बोलावलेलं, न बोलावलेलं एकही लग्न सोडलं नाही. एरवीही सराव चालूच. मंगरूळपीरच्या स्टँडवर आधी म्हातारे, मग लेकुरवाळ्या, मग मास्तर अशी रांग लावत. तेवढ्यात मागून आलेले लोक गाडी भरून टाकत आणि हे दारात उभेच. कंडक्टर ओरडे, "ओ जनरलसाहेब, चढता का जाऊ?" सासुरवाडीत पानं मांडली की यांनी पाट हलवायला घेतलेच. सासूबाई म्हणत, "जावईबापू, वरन थंडं होऊन राह्यलं. बसा नं आता कुठीबी!"

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न कारंज्यात होतं. त्याच दुपारच्या एसटीनं साडूभाऊंना मूर्तिजापूर गाठून दिल्लीकडची रेल्वे धरायची होती. तरी मांडवातली बैठक त्यांनीच लावली. सगळ्यात मोठा मान नवरदेवाच्या मामांचा, म्हणून त्यांनी कुठून तरी एक भारी खुर्ची पैदा केली आणि मामांना तिच्यात बसवलं. बाकी सोयरे गादी-लोडावर. आता आमच्याकडे खुर्ची देतात ती फौजदाराला. घरचा माणूस गादीवर टेकतो. मामा लालबुंद. "मले परका समजले काय? म्या काय इथी चौकशीले आलो?" असं म्हणत ते तरातरा बाहेर गेले आणि लिंबाखाली जाऊन बसले. मामा रुसले, तसा नवरदेवही बोहल्यावर चढेना. वडिलांचा चेहरा पाहवत नव्हता.

साडूभाऊ मामांपुढे गेले आणि कडक इस्त्रीच्या पँटीसकट मातीत बसले. "मामा, चुकलो. मले शिकवा. आपल्या मानसाले कसं बसवाचं असते?"

मास्तरकी मिळाली तसा मामांचा राग उतरत गेला. व्याह्याला कुठं, जावयाला कुठं, दोन भाऊ बोलत नसतील तर मधे कोण, मामा सांगत सुटले. मी मागेच उभा होतो. रस्त्यावर मूर्तिजापूरच्या गाडीचा हॉर्न वाजला. साडूभाऊंची मान जराशी वळली आणि परत जागेवर आली. मोठा माणूस बोलत असताना उठायचं नसतं. "मामा, साडूभाऊची गाडी हाये," एवढं मी म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण मामा हसायला लागले होते आणि मुहूर्त जवळ आला होता.

अक्षता पडल्या. पंगतीत ते वाढायला आले तेव्हा मी हळूच म्हणालो, "साडूभाऊ, गाडी गेली हो."

"मामा उठले नव्हते नं, बाप्पा," ते म्हणाले. "बुंदी घ्या."

पुढे ते कारकून म्हणूनच निवृत्त झाले. दिल्लीवाल्यांनी हाकलून दिलं, असं आसेगावात लोक हसून सांगत. साडूभाऊ ऐकून घेत आणि सांगणाऱ्यालाच सावलीत बसवत. बहिणीच्या सासरी बोल लागू नये म्हणून मी समोर असूनही खरं सांगितलं नाही. आता ते राहिले नाहीत. बहीण आजी झाली, सुखात आहे. म्हणून हे लिहून ठेवतो: दिल्लीनं त्यांना नाकारलं नव्हतं. दिल्लीनं त्यांना पाहिलंच नव्हतं. पाहिलं असतं, तर ठेवून घेतलं असतं.