पाटबंधारे खात्याची स्पीडबोट

माझ्या नवऱ्याने चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात नोकरी केली. त्यामुळे पाणी हा आमच्या घरात त्यांचा विषय. सोसायटीची टाकी वाहिली तरी लोक आधी यांना बोलावतात, आणि प्लंबर येईपर्यंत हे सगळ्यांना कारणं समजावून सांगतात.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही मुलीकडे जाणार होतो. ती युरोपात एका बंदराच्या शहरात राहते. निघायच्या महिनाभर आधी तिने फोनवर सांगितलं की आमच्यासाठी तिने बंदराची सहल ठरवली आहे. गाइड पुढे वेगळ्या बोटीत असते, आणि मागून प्रत्येकाने आपापली छोटी स्पीडबोट स्वतः चालवायची. एका बोटीत दोघं. परवाना लागत नाही.

मी म्हटलं, आपण आपली साधी लाँच घेऊ, बसून बघू. यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि मुलीला सांगितलं की पाण्याचं मी बघतो.

मग कोथरूडच्या आमच्या घरात तयारी सुरू झाली. जेवणाच्या टेबलावर आमटीची वाटी म्हणजे जहाज आणि लिंबाची फोड म्हणजे आमची बोट. बोटीला ब्रेक नसतो, हे मला रोज नव्याने कळत होतं. खाली बाकावर बसणाऱ्या एका निवृत्त प्राध्यापकांनाही यांनी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण तुमचं काम कालव्यांचं होतं ना?" त्यानंतर आठवडाभर हे फिरायला दुसऱ्या रस्त्याने गेले.

सहलीच्या दिवशी आम्हाला लाइफ जॅकेटं घालून एका ओळीत उभं केलं. गाइड उंच, तरुण बाई होती. दांडा पुढे ढकलला की बोट पळते, मागे ओढला की थांबते, ओळ सोडायची नाही, लाट आली की नाक लाटेकडे वळवायचं, एवढंच तिने सांगितलं. खात्यातर्फे तपासणीला आल्यासारखे हे मान डोलावत होते.

पहिली पंधरा मिनिटं छान गेली. मग शेजारून एक भलंमोठं मालवाहू जहाज गेलं आणि त्याच्या लाटा तिरक्या आमच्याकडे आल्या. पुढच्या पाच बोटींनी नाक वळवलं आणि लाटा पार केल्या. आमची बोट मात्र थांबली. यांनी दांडा मागे ओढला होता आणि दोन्ही हातांनी सुकाणू धरून समोर बघत बसले होते. बोट आडवी झाली आणि गार पाणी आमच्या मांडीवर आलं. बोटीतल्या वायरलेसवर गाइड आमच्या बोटीचा नंबर घेऊन काहीतरी सांगत होती.

मी म्हटलं, "अहो, पुढे घ्या."

यांनी सुकाणू आणखी घट्ट धरलं. मग अगदी हळू म्हणाले, "मला पोहता येत नाही."

लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. आमच्या लग्नानंतर यांनी किती धरणांच्या कालव्यांवर नोकरी केली, ते मला ओळीने सांगता येईल. पण ही गोष्ट मला त्या बंदरात, मांडीवर समुद्राचं पाणी घेऊन कळली.

यांना मी बाजूला सरकवलं आणि दांडा पुढे ढकलला. मी भूगोलाची शिक्षिका. बंदरं काढली ती फळ्यावर. पण शाळेच्या वेळेला स्वारगेटच्या चौकातून मी वर्षानुवर्षं स्कूटर काढली आहे. समोरून मोठं धूड आलं की मधेच थांबायचं नसतं, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. नाक वळलं, बोट दोनदा धाडकन आपटली आणि पलीकडे गेली. खरं सांगायचं तर मला भीती वाटली नाही. मजा वाटली, आणि त्याची थोडी लाजही वाटली.

पुढचा तासभर मीच चालवली. हे कडेची दांडी धरून बसले होते, एकही सूचना न देता. गोदीच्या उंच क्रेन दिसायला लागल्यावर म्हणाले, "जरा डावीकडे घे. अंतर ठेव." तेव्हा मला हायसं वाटलं.

धक्क्यावर उतरल्यावर मी विचारलं, इतकी वर्षं बोलला का नाहीत.

"कुणी विचारलं नाही," हे म्हणाले. "खात्यात पोहण्याची परीक्षा नसते."

पुण्याला परतल्यावर दुसऱ्याच संध्याकाळी प्राध्यापकांनी आम्हाला बाकावर गाठलं. यांनी भरती-ओहोटी, क्रेन, जहाजांची लांबी, सगळं तपशिलात सांगितलं. ते संपल्यावर प्राध्यापकांनी विचारलं, "बोट चालवली कोणी?"

यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"चालवली हिने," हे म्हणाले. "मार्गदर्शन माझं होतं."

प्राध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ते खोटं नव्हतं.

पुढच्या महिन्यात यांनी कुणालाही न सांगता जलतरण तलावावर प्रौढांच्या वर्गात नाव घातलं. मला कळलं ते बाथरूममध्ये वाळत घातलेल्या टोपीमुळे. अजून उथळ बाजूलाच आहेत. पण परवा चहा पिताना सांगत होते की तलावाचा उतार साफ चुकलेला आहे.