आक्काच्या माळावरची सोनकी

आक्काच्या माळावरची सोनकी मी मारली, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. कन्नड गावाच्या अलीकडं तिचा माळ आहे. वर बोटभर माती, खाली नुसता मुरूम. ज्वारीही धरत नसे. पण भादव्यात तिथं सोनकी अशी उठायची की बांधावरून सगळं पिवळंच दिसायचं. पावसात उगवायची, फुलायची, बी टाकून वाळून जायची. महालक्ष्म्या बसल्या की आक्का पहिली ओंजळ त्यांच्यापुढं ठेवायची.

मला त्या माळाची लाज वाटायची. मी शहरात नोकरीला, आणि बहिणीच्या वाट्याला दगड! एका भाऊबीजेला मी साडीऐवजी शब्द ओवाळणीत घातला: उन्हाळ्यात तलावातला गाळ आणून माळावर टाकून देतो. टाकलाही. शेजारीण म्हणाली, "आक्के, भावानं काळी करून दिली की गं! आता ऊस लाव अन् आम्हाला रस पाज." मी फुगलो.

पुढच्या भादव्यात माळावर कमरेएवढं गाजरगवत. सोनकी नाही.

"शेळ्यांनीच खाल्ली रं," आक्का म्हणाली. "मीच औंदा लवकर सोडल्या. लक्षुमीला काय तोंड दाखवू?"

मी माळ फिरून आलो. वरच्या कोपऱ्यात ट्रॉली चढली नव्हती, गाळ पडला नव्हता. आक्काच्या गुडघ्यांना तो चढ झेपत नाही. तिथं सोनकी दाटून आली होती. बुडाशी शेळ्यांच्या लेंड्या. म्हणजे शेळ्या तिथंही चरल्या होत्या, फुलाला धक्का लागला नव्हता. त्याला उघडा मुरूमच मानवायचा. माझ्या मातीत गवत माजलं आणि त्यानं सोनकीला दाबलं.

खाली आलो तेव्हा शेळ्या दारातच होत्या. एक शब्द पुरला असता. मी चहा पिऊन एसटी धरली. त्याच आठवड्याच्या बाजारात आक्कानं शेळ्या विकल्या.

आणि उन्हाळ्यात ती लेकीकडं गंगापूरला गेली, तेव्हा मी माणसं लावून पाट्यांनी गाळ वर चढवला. खरं कुणाला कळू नये म्हणून तो कोपराही बुजवला. पहिल्यांदा अडाणीपणा होता. हे मात्र समजून-उमजून. कसली एवढी कौतुकाची भूक? थुंकावंसं वाटतं स्वतःवर.

आक्का पाहुण्यांना अजून सांगते, "माझ्या भावानं माळ सुधारला." तिच्या त्या मायेचाही संताप येतो. अगं, शिव्या घाल की मला!

यंदा महालक्ष्म्यांपुढं बाजारातला झेंडू होता. सोनकी शेळ्यांनी खाल्ली नाही, मी मारली, हे आक्काला समोर बसून सांगायचं आहे. आणि तो कोपरा मुरूम लागेपर्यंत स्वतःच्या हातानं खरवडून द्यायचा आहे. दोन्ही अजून माझ्याकडून राहिलंय.